वाचकांचे प्रश्न : कंपन्या आपल्या कॉलेजात कशा येतात?

या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावर आहेत, प्लेसमेंट, म्हणजे कॉलेजातून थेट नोकरीला लागणं. निकाल लागले, चतुर्थी तोंडावर आली आणि घराघरात "आता पुढं काय" सुरू झालं, त्यामुळे साहजिकच आहे. विद्यार्थी, प्राध्यापक, कारखानदार, आई, सगळ्यांनीच लिहिलंय, म्हणून यावेळचा पूर्ण कॉलम यालाच देतेय. पत्रं लांब होती, ती थोडी कापली आहेत, नावं आणि कॉलेजं काढून टाकली आहेत.

प्रश्न : मी बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे, राहतो सांखळीजवळ. आमच्या कॉलेजात प्लेसमेंट सेल आहे म्हणजे एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्यावर जाहिराती फॉरवर्ड होतात आणि बहुतेक वेळा शेवटची तारीख होऊन गेलेली असते. माझा चुलत भाऊ कॅनडात शिकतो, तो म्हणतो तिकडे युनिव्हर्सिटीच कंपनीत काम मिळवून देते. हे खरं आहे का? आणि खरं असेल तर आपल्याकडे का नाही? — एक विद्यार्थी, सांखळी

अर्धं खरं आहे. काम "मिळवून" कुणीच देत नाही, तिथंही मुलं अर्ज करतात, मुलाखत देतात, नाकारली जातात, परत अर्ज करतात. पण मुलाखतीला बोलावणारी कंपनी तिथं असते, आणि ती असावी म्हणून युनिव्हर्सिटीत पगारी माणसं वर्षभर राबत असतात, हा खरा फरक आहे.

कॅनडात वॉटर्लू युनिव्हर्सिटी आहे, तिथं १९५७ पासून को-ऑप नावाची पद्धत चालते, म्हणजे चार महिने वर्ग, मग चार महिने कंपनीत पगारी काम, मग परत वर्ग, असं डिग्री संपेपर्यंत. ही कल्पना त्याहून जुनी, अमेरिकेत सिनसिनाटीमध्ये हर्मन श्नायडर नावाच्या इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकानं १९०६ मध्ये सुरू केलेली. आणि इंग्लंडात ऑक्सफर्डनं १८९२ मध्येच पदवीधरांना नोकऱ्यांपर्यंत पोचवायला एक कमिटी बसवली होती. म्हणजे या लोकांकडं शंभर वर्षांहून जास्त काळाची सवय आहे, आपल्याकडं सामान्य पदवीच्या कॉलेजात हे काम अजून कुणाच्या तरी वर्कलोडवर चिकटवलेलं असतं.

तिथल्या करिअर सर्व्हिसेसमध्ये साधारण दोन प्रकारची माणसं असतात बघ. एक मुलांशी बोलणारी, सीव्ही बघणारी, मुलाखतीची तयारी करून घेणारी. दुसरी फक्त कंपन्यांशी बोलणारी, त्यांना एम्प्लॉयर रिलेशन्सवाले म्हणतात. हा दुसरा माणूस कंपनीत जाऊन बसतो, तुम्हाला येत्या वर्षी कुठल्या कामाला माणसं लागणार, मागच्या वेळी आमची मुलं कशी वाटली, कुठं अडली, हे विचारतो, ते परत येऊन विभागात सांगतो, मग कंपनीतला कुणीतरी येऊन तासभर बोलून जातो, मग दोघंतिघं इंटर्न म्हणून, म्हणजे थोड्या दिवसांसाठी काम शिकायला, जातात, मग एखादा प्रोजेक्ट, आणि या सगळ्यानंतर कधीतरी कंपनी भरतीला येते. आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी थेट शेवटापासून सुरुवात होते, कंपनीला ईमेल जातो की आमच्याकडं प्लेसमेंटला या, आणि कंपनीला कॉलेजचं नावही नीट माहीत नसतं. ती का येईल?

आता तुझ्याबद्दल. बीकॉम शेवटचं वर्ष म्हणजे वेळ कमी आहे पण संपलेला नाही. सेलच्या सरांना भेट आणि एवढंच विचार की गेल्या तीन वर्षांतले आपले बीकॉमवाले कुठं कामाला लागलेत त्याची यादी आहे का. नसेल तर ती तूच करायला घे, दोघातिघांनी मिळून, कारण डिचोली, होंडा, वेर्णा, पणजी इथल्या अकाउंट्सच्या खोल्यांत तुमच्याच कॉलेजचे माजी विद्यार्थी बसलेले असणार आणि त्यांच्यातला एकजण जरी वर्गात येऊन जीएसटीचं रिटर्न प्रत्यक्षात कसं भरतात ते दाखवून गेला तर ती ओळख ग्रुपवरच्या पन्नास फॉरवर्डपेक्षा कामाची आहे. सर खूश होतील, मी खात्रीनं सांगते, कारण हे काम करायला त्यांच्याकडं हात नसतात.

प्रश्न : मी दक्षिण गोव्यातल्या एका कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर. या जूनपासून प्लेसमेंट कोऑर्डिनेटर केलं आहे, लेक्चरचा भार तसाच आहे. आधीच्या मॅडमची बदली झाली, त्यांच्याकडून मला एक फाइल मिळाली त्यात फक्त ग्रुप फोटो आणि रिपोर्ट आहेत. वीसेक कंपन्यांना मेल केले, एकाचंही उत्तर नाही. नॅकसाठी, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेसाठी, कंपन्यांशी एमओयू (लेखी करार) हवेत असं प्राचार्य म्हणतात. सुरुवात कुठून करू? — एक प्राध्यापक, केपे तालुका

सर, तुमच्या पत्रातली फाइलची गोष्ट वाचून वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. ओळखी मॅडमच्या मोबाइलमध्ये होत्या, मॅडम गेल्या, ओळखी गेल्या. म्हणून सगळ्यात पहिलं काम हे करा की सेलचा स्वतःचा ईमेल आणि शक्य असेल तर स्वतःचा मोबाइल नंबर घ्या, आणि एक साधी एक्सेल शीट, कुठली कंपनी, कुणाशी बोललो, कधी, काय ठरलं, पुढं कधी फोन करायचा. प्रत्येक फोननंतर दोन ओळी लिहायच्या. कंटाळवाणं आहे हो, पण बाहेरच्या युनिव्हर्सिट्या यासाठी मोठाली सॉफ्टवेअर घेतात ती याच एका कारणानं, की माणूस बदलला तरी नातं राहावं.

दुसरं, वीस मेल नकोत. एचआरच्या इनबॉक्समध्ये असले मेल रोज पडतात, सगळे सारखेच, "आमचे गुणवंत विद्यार्थी" वगैरे. तुमच्या मुलांना घरून जाऊन येऊन करता येईल अशा अंतरावरचे सात-आठ मालक निवडा. केपेहून म्हणाल तर कुंकळ्ळीची इंडस्ट्रियल इस्टेट आहे, मडगावातल्या सीए फर्म आहेत, सहकारी पतसंस्था आहेत, हॉस्पिटलं आहेत, आणि वेर्णाला औषधांच्या मोठमोठ्या कंपन्या, त्यांना केमिस्ट्रीवाले लागतातच. एकेका कारखान्याचं दार ठोठावण्यापेक्षा संघटनांकडून जा. गोवा चेंबर ऑफ कॉमर्स १९०८ पासूनचं आहे, गोवा स्टेट इंडस्ट्रीज असोसिएशन आहे, आयटीवाल्यांची गोवा टेक्नॉलॉजी असोसिएशन आहे, यांच्या बैठकांत पंधरा मालक एका खोलीत भेटतात, तिथं दहा मिनिटं मागून घ्या.

आणि तिथं गेल्यावर नोकऱ्या मागू नका! हे मी कळकळीनं सांगतेय. पहिल्या भेटीत फक्त विचारायचं की तुमच्याकडं नवीन आलेलं पोर पहिल्या तीन महिन्यांत कुठं अडतं. आणि मग गप्प बसून ऐकायचं. मालक लोक यावर भरभरून बोलतात, कारण त्यांना हे कुणी विचारतच नाही. कुणी म्हणेल एक्सेल येत नाही, कुणी म्हणेल चूक झाली की लपवतात, फोनवर गिऱ्हाइकाशी बोलायला घाबरतात, लॅबच्या नोंदी त्याच वेळी करायच्या असतात ते समजत नाही. हे ऐकून आलात की त्यातली एक गोष्ट, एकच, त्या सेमिस्टरमध्ये खरोखर करून दाखवा. दोन शनिवार एक्सेलची कार्यशाळा घ्या आणि ज्यानं तक्रार केली त्यालाच उद्घाटनाला नव्हे तर मुलांचं काम तपासायला बोलवा. तो आला की त्यानं मुलं पाहिली, मुलांनी त्याला पाहिलं, आणि पुढचा फोन बहुतेक तोच करतो.

मागणं लहान ठेवा आणि हळूहळू वाढवत न्या. पहिल्या वर्षी कारखाना भेट किंवा एक व्याख्यान. मग इंटर्नशिप. नव्या शैक्षणिक धोरणानंतर यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, चौकटीत पदवीच्या मुलांना इंटर्नशिपचे दोन ते चार क्रेडिट आहेत, तीस तासांना एक क्रेडिट, म्हणजे साठ ते एकशेवीस तास. ही तुमच्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे, कारण आता मुलांना पाठवावंच लागतं आणि दरवर्षी पाठवावं लागतं. पण चाळीस मुलं एकदम कुठल्यातरी ऑफिसात कोंबून सह्यांचे कागद आणले तर ती कंपनी पुढच्या वर्षी दार उघडणार नाही. तीन मुलं द्या, नीट निवडून, आणि मधल्या आठवड्यात स्वतः जाऊन या. इंटर्नशिप संपली की मालकाला फोन करून विचारा, मुलालाही वेगळं विचारा, दोघांचं जुळत नसेल तिथं काहीतरी बिघडलेलं आहे असं समजा.

कॅलेंडरचं भान ठेवा. चतुर्थीच्या आठवड्यात गोव्यात कोण कामाचं बोलत नाही. हॉटेलवाल्यांचा सीझन ऑक्टोबरपासून सुरू होतो, त्यांना ऑगस्टमध्ये भेटा, डिसेंबरात भेटायला गेलात तर ते हात जोडतील. सीएकडं मार्च आणि सप्टेंबरच्या शेवटाला जाऊ नका, पण नेमकी तेव्हाच त्यांना हातांची गरज असते, म्हणून त्याच्या दोन महिने आधी जा.

एमओयूचं म्हणाल तर प्राचार्यांची अडचण खरी आहे, नॅकला कागद लागतो. पण कागद शेवटी करा, काहीतरी घडल्यावर, आणि त्यात लिहा की वर्षाला किती इंटर्न, त्यांच्यावर लक्ष कोण ठेवणार, स्टायपेंड, म्हणजे विद्यावेतन, किती, कॉलेजच्या बाजूनं जबाबदार कोण. ज्या एमओयूत फक्त "सहकार्य करण्याचे ठरले" एवढंच असतं तो कपाटातच राहतो. तुमचं कॉलेज स्वायत्त असेल तर अजून एक जागा आहे, यूजीसीच्या नियमात बोर्ड ऑफ स्टडीजवर, म्हणजे अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीवर, उद्योगातला एक प्रतिनिधी असतोच, ती जागा कुणाच्या तरी ओळखीच्या मोठ्या नावानं भरण्यापेक्षा तुमच्या मुलांना खरंच कामावर घेणाऱ्या माणसाला द्यायला लावा, अभ्यासक्रमात बदल तिथून होतो.

अजून दोन गोष्टी, मग थांबते. मुलांचे सीव्ही, मार्कशीट, फोन नंबर त्यांना विचारल्याशिवाय कुणालाही पाठवू नका, २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे तो आहेच, पण मुलींचे नंबर कुठं कुठं फिरतात याचा विचार केला तरी पुरे. आणि कुठलीही एजन्सी मुलांकडून रजिस्ट्रेशन फी घेत असेल तर तिला गेटच्या आत घेऊ नका. नोकरी देणारा मुलाकडून पैसे घेत नाही.

लेक्चरचा भार तसाच ठेवून हे काम एकट्यानं नीट होणार नाही, ते प्राचार्यांना स्पष्ट सांगा. जवळपासच्या तीन-चार कॉलेजांनी मिळून एक पूर्णवेळ माणूस ठेवला तर? बीकॉम एका कॉलेजचे, केमिस्ट्री दुसऱ्याचे, कंप्युटर तिसऱ्याचे, कंपनीला एका फोनमध्ये सगळं मिळतं. आपला गोवा एवढासा, इथं हे सहज जमण्यासारखं आहे आणि ते अजून का होत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्रश्न : कुंडई इस्टेटमध्ये माझं छोटं युनिट आहे, चाळीस माणसं. कॉलेजवाले मोठ्या कंपन्यांच्या मागे, आमच्याकडे कोणी फिरकत नाही. आलीच पोरं तर सहा महिन्यांत सरकारी जाहिरात येते की चालली. मग मी कॉलेजशी टाय-अप कशाला करू? — एक उद्योजक, फोंडा

दादा, तुमची चीड समजते. पण पहिली गोष्ट कायद्याची. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनाला अप्रेंटिस, म्हणजे काम करता करता शिकणारे उमेदवार, घेणं बंधनकारक आहे, १९६१ चा अप्रेंटिस कायदा आणि २०१९ मध्ये सुधारलेले नियम, एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के. तुमच्या चाळीसवर हिशेब केला तर कमीत कमी एक, जास्तीत जास्त सहा. म्हणजे तुम्हाला एक तरी घ्यायचाच आहे, मग तो कुणी धरून आणलेला असण्यापेक्षा ओळखीच्या कॉलेजनं निवडून दिलेला बरा नाही का?

पदवीधर आणि डिप्लोमावाल्यांसाठी नॅट्स म्हणून केंद्राची योजना आहे, एक वर्षाची, आपल्या भागाचं काम मुंबईचं बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंग बघतं. किमान स्टायपेंड सरकारनं ठरवून दिलेला असतो, २०१९ च्या नियमात पदवीधराला महिना नऊ हजार होता, भरायच्या आधी पोर्टलवर चालू आकडा बघून घ्या, आणि त्या किमान रकमेतला अर्धा भाग केंद्र देतं. बीए-बीकॉमवालेही यात बसतात, फक्त इंजिनिअर नव्हे, हे बऱ्याच मालकांना माहीतच नसतं.

आता सरकारी नोकरीचं. गोव्यात प्रत्येक घरात ती ओढ आहे आणि त्यात पोरांना दोष देता येत नाही, खाण बंद पडली तेव्हा खाजगी नोकरी एका दिवसात कशी जाते ते डिचोली-सांग्यातल्या लोकांनी २०१२ मध्ये पाहिलंय, परत २०१८ मध्ये पाहिलंय. तुम्ही सरकारएवढा पगार देऊ शकत नाही हे मान्य. पण मुलगा का जातो ते जाताना बसवून विचारलंत का? बऱ्याचदा कारण पगार नसतं, दुसरी शिफ्ट सुटते तेव्हा घरी जायला बस नसते, किंवा सहा महिने झाले तरी त्याला एकच काम दिलेलं असतं आणि पुढं काय शिकणार ते कुणी सांगितलेलं नसतं. इस्टेटमधली चार-पाच युनिटं मिळून एक मिनीबस लावता येते. आणि पहिल्याच दिवशी सांगता येतं की वर्षभरात तू ही तीन मशिनं, ही टेस्टिंग, हे कोटेशन काढणं शिकशील.

लहान युनिटकडं एक गोष्ट अशी आहे जी मोठ्या कंपनीत मिळत नाही, मुलाला खरेदीपासून डिस्पॅचपर्यंत सगळं डोळ्यांनी दिसतं. ते कॉलेजात येऊन सांगा. तुमच्या युनिटमधला एखादा खरा त्रास, स्क्रॅप जास्त का निघतो, विजेचं बिल का वाढलं, असा काहीतरी, शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला द्या. फर्मागुडीचं इंजिनिअरिंग कॉलेज तुमच्यापासून किती लांब आहे? चार पोरं सहा महिने त्यावर काम करतील, तुम्ही त्यांना बघाल, त्यातला जो मनापासून करतोय तो तुम्हाला मुलाखतीशिवाय कळेल.

प्रश्न : माझी मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजनं इंटर्नशिपला एका हॉटेलात पाठवलं. स्टायपेंड नाही, रोज दहा-अकरा तास उभं राहून काम, रात्री उशीर होतो, शिकवत कोणी नाही, माणूस कमी आहे म्हणून हिला लावतात. कॉलेजात सांग म्हटलं तर म्हणते क्रेडिट जातील. मी काय करू? — एक आई, पेडणे

ताई, आधी तिला सांगा की तिचं काही चुकलेलं नाही. मग तिनं किती दिवस, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत काम केलं ते एका वहीत तारखेनिशी लिहून काढा. चार क्रेडिटची इंटर्नशिप म्हणजे एकूण एकशेवीस तास, रोज दहा-अकरा तास होत असतील तर ते दोन आठवड्यांच्या आतच भरतात. ही वही घेऊन तुम्ही स्वतः तिच्याबरोबर कॉलेजात जा, कोऑर्डिनेटरना भेटा, लेखी द्या आणि पोच घ्या. तास भरलेले असतील तर क्रेडिट कसले जातायत, आणि भरले नसतील तर उरलेले दुसरीकडं करू द्या असं मागा, हे मागणं पूर्ण योग्य आहे.

अमेरिकेत बिनपगारी इंटर्नशिपबद्दल त्यांच्या कामगार खात्यानं २०१८ पासून एक कसोटी धरली आहे, यात जास्त फायदा कुणाचा होतोय, शिकणाऱ्याचा की मालकाचा. आपल्याकडं असा नियम नसला तरी प्रश्न तोच विचारायचा. माणूस कमी आहे म्हणून मुलीला उभी केली तर फायदा कुणाचा ते दिसतंच आहे, आणि कॉलेजनं तिथं पुढच्या वर्षी मुलं पाठवू नयेत. करिअर सेल कंपनीशी नातं जपतो ते मुलांसाठी, मुलांना पणाला लावून जपायचं नातं नको.

रात्रीच्या उशिराबद्दल तुम्ही जास्त लिहिलेलं नाही, तरी सांगून ठेवते. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा ट्रेनी, अप्रेंटिस सगळ्यांना लागू आहे, पगार मिळत असो वा नसो. दहा किंवा जास्त माणसं असतील तर हॉटेलात अंतर्गत समिती असायलाच हवी. तसं काही असेल तर थांबू नका, कॉलेजच्या समितीकडंही जाता येतं. आणि सर्टिफिकेटसाठी तिला अडवून धरलं तर ते मागायचं काम कॉलेजचं आहे, तिचं नाही.

प्रश्न : मी ताळगावला गोवा विद्यापीठात मराठीत एमए करतेय. आमच्यासाठी कुठली कंपनी येणार? — एक विद्यार्थिनी, वाळपई

गाडीभर एचआर येणार नाहीत, खरं आहे. पण गोव्यातली मराठी दैनिकं आहेत, प्रकाशक आहेत, पणजीचं पुराभिलेख खातं आहे, भाषांतर आणि सबटायटलची कामं आहेत, पर्यटनात माहिती लिहिणारी माणसं लागतात. हे लोक भरतीला येत नाहीत कारण त्यांना एका वेळी एकच माणूस लागतो, म्हणून त्यांना वेगळ्या पद्धतीनं बोलवावं लागतं, एका दुपारी चौघं समोर बसवायचे आणि मुलींनी आपलं काम दाखवायचं, लिहिलेला लेख, केलेलं भाषांतर, तपासलेली प्रुफं. विभागप्रमुखांना सांग, खर्च चहाचाच आहे.

प्रश्न : केंद्र सरकारच्या पीएम इंटर्नशिप योजनेला शिकता शिकता अर्ज करता येतो का? — मडगाव

सुरुवातीच्या नियमांप्रमाणे तरी नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये योजना सुरू झाली तेव्हाच्या नियमांप्रमाणे वय २१ ते २४ आणि पूर्णवेळ शिक्षण किंवा पूर्णवेळ नोकरी चालू नसावी, महिन्याला पाच हजार आणि सुरुवातीला एकदाच सहा हजार, मुदत एक वर्ष. नियम बदलू शकतात, अर्जाच्या दिवशी पोर्टल वाचा. शेवटची परीक्षा झाली की आधार आणि बँक खात्यावरचं नाव एकसारखं आहे का ते तपासून ठेवा.